वाळुंजाचा खुटा

आमच्या वावराच्या कडेला, नाल्याच्या काठी, वाळुंजाचे एक झाड आहे. त्या झाडाविषयी मला जे ठाऊक आहे, ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — आईला नाही, भावाला नाही. जिला सांगण्याची गरजच नव्हती, त्या एका मैत्रिणीशीही त्यावर कधी बोलले नाही. झाडाविषयी लपवण्यासारखे असते तरी काय, असे तुम्हाला वाटेल. मीही स्वतःला पुष्कळ वर्षे हेच विचारत आले, आणि उत्तराची वाट न पाहता दुसऱ्या कामाला लागत आले.

लिहिण्याची मला सवय नाही. सौंसरच्या एका शाळेत मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले, तेही हिंदीतून, कारण आमचा मराठी मुलूख हिंदी राज्यात मोडतो. फळ्यावर लिहिले, मुलींच्या वह्यांच्या समासांत लिहिले. स्वतःविषयी मराठीत चार ओळी लिहायला निवृत्ती यावी लागली. वाक्य नीट बांधून झाल्याशिवाय मला ते तोंडातून बाहेर काढता येत नाही. लोक याला भिडस्तपणा म्हणतात. भिडस्त असेनही — पण वाक्य नीट बांधण्याची ही कला मी एकदा कशासाठी वापरली, तेच मला सांगायचे आहे. थोडे सावकाश सांगते.

आधी झाड. वाळुंजाची पाने लांबट असतात; वरून हिरवी, खालून पांढुरकी. वारा आला की पाने उलटतात आणि क्षणभर सगळे झाड फिके पडते. पावसाळा सरल्यावर त्याला बारीक तुरे येतात, त्यांना मंद गोड वास असतो. आमचा मुलूख कोरडा. होळीच्या सुमाराला नाल्यांत नुसते गोटे उरतात. अशा मुलखात वाळुंज दिसले की खाली ओल आहे असे समजायचे. गुरे राखणारी माणसे एवढ्या खुणेवर पाणी शोधतात. जिथे वाळुंज, तिथे वाहते पाणी — याबद्दल आमच्या गावात कोणाला शंका नसते. हे लक्षात असू द्या.

आता सुजाता.

सुजाता भागाबाईची मुलगी. बौद्ध वस्तीतले त्यांचे घर, आणि आमच्या संत्र्याच्या बगीच्याला लागून त्यांचे लहानसे वावर. दोन्हींच्या मधून नाला वाहायचा. तोच आमचा धुरा, दोन वावरांमधली हद्द. त्यांच्या बाजूला, नाल्यापासून हाकेच्या अंतरावर, एक झिरा होता. गोट्यांमधून झिरपणारे पाणी तिथल्या एका खोलगट जागी साठायचे आणि मे महिन्यातही आटायचे नाही. त्या पाण्यावर भागाबाई वांगी, भेद्रे म्हणजे टोमॅटो, सांभार म्हणजे कोथिंबीर, असे करायची आणि डोक्यावर टोपली घेऊन पांढुर्ण्याच्या बाजारात विकायची. सुजाताचे वडील लवकर गेले होते. ते घर त्या झिऱ्यावर चालायचे.

आम्ही दोघी एका वर्गात. सुजाता आमच्या घरी अंगणापर्यंत यायची. पुढे यायची नाही. तिला तसे कोणी बजावलेले नव्हते, आणि कोणी आत ये असेही म्हटलेले नव्हते. मी मात्र त्यांच्या झिऱ्यावर ओणवी होऊन ओंजळीने पाणी प्यायचे. सुजातासमोर मी तिच्या आईला मावशी म्हणायचे. घरी आल्यावर, आई आणि आजीसारखेच, नुसते ‘भागी’ म्हणायचे. एकाच दिवशी, एकाच तोंडाने. तेव्हा ते मला खटकले होते का? खटकले असते, तर आज ते आठवले असते.

आम्ही सातवी-आठवीत असू, तेव्हा एका श्रावणात नाल्याला मोठा पूर आला. पाणी ओसरले तेव्हा नाल्याने आपली जागा बदलली होती. आधी तो आमच्या बगीच्याच्या कडेने जायचा; आता त्याने भागाबाईच्या वावरात घुसून नवी वाट पाडली होती. जुन्या पात्रात गाळ भरला. त्यामुळे झिरा आणि त्याभोवतीची जमिनीची पट्टी नाल्याच्या आमच्या बाजूला आली. जमीन त्यांचीच होती, पण तिथे जायला आता त्यांना नाला ओलांडावा लागायचा. भागाबाई गोट्यांवर पाय देत ओलांडायची. माझे वडील हयात होते तोवर कोणी त्यावर बोलले नाही.

त्याच वर्षी, थंडीत, सुजाताने नव्या काठावर बकरीसाठी खुटा ठोकला. खाली नदीच्या डोहाजवळ वाळुंजाची मोठी झाडे होती. तिथून तिने मनगटाएवढी ओली फांदी तोडून आणली होती. दगडाने ठोकून ती जमिनीत बसवली. पुढच्या उन्हाळ्याआधीच त्या खुट्याला पालवी आली. बकरी रोज ती खायची, आणि ती रोज पुन्हा यायची. भागाबाई हसून म्हणाली होती, “बकरी बांधाले खुटा ठोकला, अन् सावली उगवली वं माय.”

हाच तो वृक्ष. मी मघाशी ज्याचे वर्णन केले, तो.

पुढे मी नागपूरला वनस्पतिशास्त्र शिकायला गेले. तिगावच्या स्टेशनापर्यंत माझी पेटी सुजाताने डोक्यावर आणली होती. मी तिच्या मागून हात हलवत चालले होते. पहिल्या सुट्टीत आले ती नवे ज्ञान घेऊन. तिला झाडाखाली बसवून सांगितले की वाळुंजाच्या फांदीतच मुळांचे अंकुर दडलेले असतात, ओल मिळाली की ते बाहेर पडतात. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “हे पाहाले तू नागपूरले गेली होती काय? खुटा काय माह्या एकटीनं ठोकल्या गेला होता?” आणि आम्ही दोघी हसलो. त्या हसण्याचा आवाज मला अजून —

नाही. पुढे जाते.

वर्षे गेली. सुजाताचे लग्न झाले, ती नागपूरला गेली. माझे झाले नाही. मी सौंसरला एक खोली घेतली, आठवड्याला गावी यायचे. वडील गेल्यावर शेती धाकट्या भावाकडे आली. पूर आला तेव्हा नरेश पाळण्यात होता. त्याने नाला पाहिला तो आहे तिथेच पाहिला. झिरा पाहिला तो आमच्याच बाजूला. भागाबाई आपल्या धुऱ्याच्या आत येऊन भाजी लावते, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते. तो लबाड नव्हता — हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्याने बगीचा वाढवायचा ठरवला, झिऱ्याजवळ विहीर खोदायची म्हणाला, आणि सीमांकनाचा अर्ज दिला. मला त्याने हे जेवताना सांगितले. मी भात कालवत होते. तेव्हाच एक वाक्य पुरले असते — “नरेश, ती जागा त्यांची आहे.” ते वाक्य अवघड होते का? त्यात बांधायचे तरी काय होते? मी भात कालवत राहिले.

सीमांकनाच्या दिवशी सकाळी नाल्यावर माणसे जमली. पटवारी जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, घेऊन आला होता, पण जिथून मोजायचे तो चांद्याचा दगड कधीच पुरात गेला होता. त्याने नकाशा गुंडाळला आणि म्हणाला, “नक्शे में तो नाला ही सीमा है. पहले नाला कहाँ था, आप लोग बता दो.”

सांगणार कोण? पूर पाहिलेली बहुतेक म्हातारी माणसे वारली होती. जी होती, ती आमच्या बगीच्यात कामाला यायची. ती आपल्या पायांकडे पाहत उभी राहिली. गावात ज्यांचा शब्द चालायचा ते आत्मारामकाका पुराच्या काळात मुलताईकडे नोकरीला होते. त्यांनी वाळुंजाकडे बोट केले. “वाळुंज काय माळावर उगवते काय? एवढं जुनं झाड हाये. वाळुंज जिथं, नाला तिथं.”

भागाबाई पुढे आली. “ते झाड नोहे, खुटा हाये. माह्या पोरीनं बकरी बांधाले ठोकला होता. पुरानंतर.”

झाडाचे खोड दोघांच्या कवेत मावेल असे झाले होते. मागून कोणीतरी म्हणाले, “एवढाल्ला खुटा? बकरी बांधत होती का हत्ती, मावशे?” आणि माणसे हसली. नरेशही हसला. शेवग्याची फांदी रोवली की लागते हे त्या सगळ्यांना माहीत होते. पण खुट्याचा असा वृक्ष कोणी पाहिला नव्हता.

सुजाता त्या दिवसासाठी नागपूरहून आली होती. आईच्या मागे उभी होती. तीही सांगू लागली — नाला आधी बगीच्याच्या कडेने जायचा, झिरा त्यांच्या बाजूला होता. आत्मारामकाकांनी हात वर केला. “पोरी, तू तं तुह्या मायचंच बोलशीन. इथं झाडाचं शिकलेली बाई हाये आपल्यात. तिलेच विचारू.”

सगळे माझ्याकडे वळले.

मी बायकांच्या घोळक्यात, कडेला, छत्री धरून उभी होते. आमच्याकडे जमिनीच्या बोलण्यात बाईला कोणी विचारत नाही. मी तोवर चार माणसांत कधी बोललेच नव्हते — शाळेतल्या बैठकीतही मी शेवटच्या खुर्चीवर बसायचे. आणि सुजाताचा चेहरा — कसे सांगू — तो एकदम मोकळा झाला. ती म्हणाली, “हाव, मालूलेच विचारा. तिले मालूम हाये.”

मी पुढे गेले. वाट करून देण्यासाठी माणसे बाजूला झाली. कोणी दटावले नव्हते, कोणी आदल्या दिवशी शिकवून ठेवले नव्हते. भावाने माझ्याकडे नुसत्या उत्सुकतेने पाहिले. मी ‘खुटा’ म्हटले असते तर त्याने अर्ज मागे घेतला असता, असे मला आजही वाटते. बिचकला असता, चिडला असता, पण घेतला असता. मग मी कशाला भ्यायले? सुट्टीच्या दिवशी जायला मला तेवढे एकच घर होते, हे खरे. पण त्या क्षणी मी त्या घराचा विचार केला होता, असे लिहिणे खोटे होईल. मी कसलाच विचार केला नाही. मी वाक्य बांधत होते.

मी म्हणाले की वाळुंज हे वाहत्या पाण्याच्या काठी निसर्गतः उगवणारे झाड आहे. त्याचे बी अतिशय हलके असते आणि ओल्या गाळाखेरीज रुजत नाही. या झाडाच्या खोडाचा घेर पाहता ते बरेच जुने असले पाहिजे.

पाहा, यातला एकही शब्द खोटा नाही. पुस्तक काढून ताडून घ्या. पटवाऱ्याने विचारले, “मतलब नाला यहीं था?” मी म्हणाले, “झाडावरून तरी तसेच म्हणता येईल.”

झाडावरून. मी झाडाला पुढे केले. ज्या झाडाला त्या काठावर आम्ही दोघींनी आणले होते, त्याला मी साक्षीला उभे केले आणि स्वतः त्याच्या सावलीत उभी राहिले.

आणि याहून वाईट असे एक आहे, जे सांगायला मला सर्वांत जड जाते. मला ते बोलताना बरे वाटले. सगळे पुरुष गप्प राहून ऐकत होते. आत्मारामकाका मान डोलावत होते. कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची सरकवली. माझा आवाज कापला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कापला नाही. एका स्त्रीची जगण्याची जागा जात होती, आणि मला माझा आवाज आवडत होता.

सुजाताच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गणिताचे उत्तर चुकीचे आले की मुली पुन्हा एकदा प्रश्नाकडे पाहतात — आपणच काही वाचायचे राहिले का म्हणून — तशी ती माझ्याकडे पाहत होती. “मालू सांगते ते खोटं” असे ती म्हणाली असती, तर मी काय केले असते? ती म्हणाली नाही. मीच सांगेन म्हणून ती थांबली. जितके थांबायचे तितके थांबली. मग तिने आईचा दंड धरला.

“चाल माय,” ती म्हणाली. “ऊन वाढून राहिलं.”

त्या दोघी गोट्यांवरून पाय टाकत नाला ओलांडून गेल्या. मी खुर्चीवर बसले.

विहीर झाली. पाणी चांगले लागले. भागाबाईचे उरलेले वावर कोरडवाहू. त्यात ती कापूस घ्यायची, जसा येईल तसा. भाजी बंद झाली. दोन हंगामांनंतर ती संत्र्याच्या तोड्याला आमच्याच बगीच्यात यायला लागली. मी सुट्टीत घरी असले की माजघराच्या खिडकीतून ती दिसायची — कमरेला ओटी बांधलेली, फांद्यांत हात घातलेली. तिने मला एकदाही टाळले नाही. समोर आले की “कधी आली, बाई?” म्हणून विचारायची. पूर्वी मालू म्हणायची. मीच तोड्याच्या दिवसांत गावी जाणे सोडले. पुढे ती थकल्यावर सुजाता तिला नागपूरला घेऊन गेली, आणि ती तिकडेच वारली. ते मला सौंसरच्या बाजारात, दुसऱ्याच कोणाकडून, कांदे निवडताना कळले.

सीमांकनानंतरच्या आठवड्यात मी एक विचित्र गोष्ट केली होती. वाळुंजाची एक काडी तोडून सौंसरच्या खोलीत आणली आणि काचेच्या बाटलीत, पाण्यात, खिडकीत ठेवली. का? न लागण्याची आशा होती का? थोड्याच दिवसांत तिला पांढरी मुळे फुटली. खोलीत दुसरे कोणी नव्हते, कधीच नसायचे. तरी मी बाटली पदराखाली घेऊन बाहेर नेली आणि ओतून दिली. वर्गात दर वर्षी फांदीपासून रोप होण्याचा धडा यायचा. मी जास्वंद सांगायचे, गुलाब सांगायचे, ऊस, शेवगा सांगायचे. वाळुंज कधीही सांगितले नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींना, ज्यांच्या गावोगावच्या नाल्यांवर ते झाड उभे आहे, ते असे लागते हे मी शिकवले नाही.

सुजाता मला त्यानंतर एकदाच भेटली. सौंसरच्या बसस्टँडवर, उन्हाळ्यात. केस पिकले होते, अंग भरले होते. हाक आली तेव्हा मात्र आवाज तोच. “बरी हायेस ना, मालू?” मी हो म्हणाले. तिने मुलांचे सांगितले, नातवाचे सांगितले. माझ्याविषयी विचारले, तेव्हा सांगण्यासारखे फार नव्हते. मग ती म्हणाली, “झाड हाये काय अजून?”

“आहे.”

“मोठं झालं असन.”

मी मान हलवली. तिच्या बोलण्यात टोमणा होता का, हे मी पुष्कळ वेळा तपासून पाहिले आहे. नव्हता. तिला खरेच विचारायचे होते. पांढुर्ण्याची बस लागली. ती आधी चढली, खिडकीजवळ बसली आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून मला आत बोलावू लागली, “ये ना, जागा धरली.” मी म्हणाले, मला इथे काम आहे. मला काही काम नव्हते. मला त्याच बसने पांढुर्ण्याला जायचे होते, तिकिटाचे पैसे मी मुठीत धरले होते. तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली. बस गेली. मी पुढच्या बससाठी त्याच बाकावर बसून राहिले.

तिचा फोन नंबर एका ओळखीच्या बाईने मला दिला आहे. तो मी लावलेला नाही, आणि हे लिहून झाल्यावर लावीन असे वचनही मी कोणाला देत नाही. तिला सांगायचे ते तुम्हाला सांगते आहे, यातही तोच जुना भित्रेपणा आहे, हे मला दिसते.

आता झिरा उरला नाही. चहूकडे बोअर झाले, पाणी खोल गेले. त्या पट्टीत पुतण्याने संत्र्याची नवी कलमे लावली आहेत. वाळुंज मात्र आहे. त्याची मुळे कुठवर गेली असतील कोण जाणे. मध्यंतरी सावली पडते म्हणून पुतण्या ते तोडायला निघाला होता. मी नको म्हणाले. त्याने ऐकले, आणि आता तो पाहुण्यांना कौतुकाने सांगतो — आमच्या आत्याचा झाडांवर फार जीव आहे, हे झाड तिनेच वाचवले. मी पाहुण्यांसमोर बसलेली असते.

एक राहिले. खुटा सुजाताने ठोकला, असे मी वर लिहिले. ते पुरे नाही. ओला खुटा एकटीला ठोकता येत नाही. तो कलंडतो, दुसऱ्या कोणाला तरी धरावा लागतो. तो मी धरला होता, गुडघे गाळात टेकून, दोन्ही हातांनी. तिने दोन्ही हातांनी दगड उचलला तेव्हा म्हणाली, “हालू नोको. मी तुले लागू देत नाही.” मला भीती वाटत होती, मी डोळे गच्च मिटून घेतले होते. दगड पडत राहिला, खुटा माझ्या मुठींतून खाली सरकत राहिला, हातांना प्रत्येक घावाचा हादरा बसत राहिला.

तिचा एकही घाव माझ्या बोटांवर पडला नाही.